कुरळे केस, सरळ करून घेतलेले केस: डोकं किती दिवसांनी धुवायचं आणि कसं

गेल्या मे महिन्यात माझ्या मामेबहिणीचा रात्री उशिरा मेसेज आला. "ताई, डोकं धुऊन नऊ दिवस झाले. खाज थांबत नाहीये. पण व्हिडिओत सांगितलंय की कुरळे केस दहा दिवसांतून एकदाच धुवायचे. अजून एक दिवस काढू का?" ती डोंबिवलीला राहते, रोज गर्दीच्या लोकलने फोर्टला जाते. मी तिला लिहिलं, "सकाळी उठल्या उठल्या आधी डोकं धू, मग बोलू."

तिने ऐकलेला दहा दिवसांचा नियम खोटा नाही. फक्त तो कुणासाठी आहे ते व्हिडिओत सांगितलेलं नसतं. अशा व्हिडिओंतले ‘नॅचरल हेअर’ (जन्मजात ठेवलेले केस) आणि ‘रिलॅक्स्ड हेअर’ (रसायनाने सरळ केलेले केस) हे शब्द इंटरनेटवर प्रामुख्याने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बोलण्यातून आले. त्यांचे केस मुळापासूनच घट्ट स्प्रिंगसारखे वळलेले असतात. टाळूतून सुटणारं तेल त्या वळणांवरून खाली उतरत नाही, त्यामुळे केस कोरडे राहतात आणि चटकन तुटतात. ते सरळ करायला जो रिलॅक्सर वापरतात तो बहुधा सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कलीचा असतो, त्याने केस आणखी नाजूक होतात. म्हणून अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना अशा केसांना आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा धुवायला सांगते. जन्मजात केस तसेच ठेवले म्हणून तिकडे नोकरीत आणि शाळेत इतका त्रास झाला, की २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्यांनी पिढ्यान् पिढ्या स्वतःच्या केसांवर शिकून घेतलेलं हे ज्ञान आहे आणि मला त्याचा फार आदर आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजात असे केस दिसतात. तिथे तो सल्ला जसाच्या तसा लागू पडावा.

आपल्या घरांत मात्र बहुतेक कुरळे केस मोठ्या लाटांचे किंवा सैल वेटोळ्यांचे असतात. त्यांची टाळू बऱ्याचदा चांगलीच तेलकट असते. वर दमट हवा, घाम, हेल्मेट, धूळ आणि बोअरचं पाणी. अशा डोक्यावर दहा दिवसांचा नियम चालवला की कोंडा आणि खाज आलीच. उलट रोज शाम्पू चोळला की त्याच केसांची टोकं झाडूसारखी होतात. म्हणून मी दोन प्रश्न वेगळे करते. कधी धुवायचं ते टाळूला विचारायचं आणि कसं धुवायचं ते केसांच्या लांबीला.

आधी चार दिवस टाळूची नोंद ठेवा

रविवारी सकाळी तेल न लावता डोकं धुवा. नंतर काहीही लावू नका. सोमवारपासून रोज रात्री झोपण्याआधी दोन जागी भांग पाडा, एक डोक्याच्या मधोमध, एक कानामागे. चहाच्या टपरीवर मिळतो तसा पातळ कागदी रुमाल भांगावर दहा सेकंद दाबून धरा आणि मग दिव्याकडे करून बघा. कागद जिथे तेल पितो तिथे पारदर्शक डाग दिसतो, वड्याच्या कागदावर दिसतो तसाच. मग त्याच जागी बोट फिरवून वास घ्या. खाज आहे का, तेही लिहा. फोनमध्ये दोन शब्द लिहिले तरी पुरे.

दुसऱ्याच रात्री स्पष्ट डाग आणि वास असेल तर तुमची टाळू तेलकट आहे, दर दोन-तीन दिवसांनी धुवा. तिसऱ्या-चौथ्या रात्री डाग उमटला तर आठवड्यातून दोनदा. चौथ्या रात्रीही कागद कोरडाच असेल तर आठवड्यातून एकदा धुतलं तरी चालेल. त्याहून लांबवू नका, निदान कोकणपट्टीत आणि मुंबईत तरी नको. ही नोंद एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात करा. माझंच उत्तर दोन्ही वेळा वेगळं येतं: उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी, थंडीत पाच-सहा दिवसांनी.

रोज व्यायाम करणाऱ्यांना किंवा हेल्मेट घालणाऱ्यांना प्रत्येक घामाला शाम्पू लागत नाही. मधल्या दिवशी नुसत्या पाण्याने टाळू धुवायची आणि टोकांना चमचाभर कंडिशनर लावायचा. पोहायला जात असाल तर तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवा. आधीच भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतो.

पाणी कसं आहे ते बघा

माझं लहानपण लातूरला गेलं. नळाच्या तोटीवर पांढरा थर, बादलीच्या कडेला पांढरी रेघ, आणि डोकं धुतल्यावर केसांवर कुणीतरी पीठ भुरभुरल्यासारखा राठपणा. मला वाटायचं, माझे केसच वाईट. अकरावीला पुण्याला आले आणि धरणाच्या पाण्याने पहिल्यांदा डोकं धुतलं, तेव्हा बटा मऊ पडल्या. शाम्पूही तोच होता आणि केसही तेच.

जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी पुष्कळदा याच्याही पुढे जातं. घरच्या घरी तपासायचं तर अर्धा लिटरच्या दोन बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओ फिल्टरचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाकून जोरात हलवा. नळाच्या पाण्यात फेस बसून वर दह्यासारखी साय धरली तर पाणी जड आहे.

उपाय तीन आहेत. महिन्यातून एक-दोनदा ‘क्लॅरिफाइंग’ किंवा ‘चिलेटिंग’ लिहिलेला शाम्पू वापरा, त्याने बसलेला थर निघतो. दुसरा, शेवटचे दोन तांबे आरओ फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्या. तिसरा, एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते लांबीवरून ओता आणि मिनिटभराने साध्या पाण्याने धुवा. लिंबू सरळ टाळूवर चोळू नका, आग होते आणि उन्हात त्वचेवर डागही पडू शकतात.

पाण्याची टंचाई असेल तर कुरळ्या केसांना दीड बादली पुरते, फक्त आधी वाटणी करायची: अर्धी बादली भिजवायला आणि पहिल्या शाम्पूला, अर्धी दुसऱ्या शाम्पूला आणि शेवटची अर्धी कंडिशनर काढायला. मी लातूरला गेले की आजही असंच धुते.

धुण्याचा दिवस, सुरुवातीपासून

तेल धुण्याच्या आधी लावायचं, धुऊन झाल्यावर नाही. दोन तास आधी लावलं तरी पुरतं, रात्रभर ठेवायची सक्ती नाही. खोबरेल तेलाबद्दल आजीचं म्हणणं प्रयोगशाळेतही टिकलं आहे. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना केसातून जाणारं प्रथिन कमी करण्याचं काम फक्त खोबरेल तेलाने केलं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. कंपनी खोबरेल तेलच विकते हे ध्यानात ठेवूनही, केसाच्या आत शिरणाऱ्या तेलाचा हा मुद्दा नंतरच्या अभ्यासकांनीही मान्य केलेला आहे. खांद्याखाली येणाऱ्या केसांना दोन चहाचे चमचे तेल पुष्कळ झालं. तळहातावर चोळून ते कानाच्या खालच्या लांबीला लावा. कोंडा असेल तर टाळूला तेल नको. कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलावरच जगते, आपण तेल ओतून तिला खाऊ घालतो.

तेल लावल्यावर कोरड्या केसांतच गुंता काढून घ्या. केसांचे चार भाग करा आणि तिघांना चिमटे लावा. एका भागाची टोकाकडची चार बोटं लांबी आधी सोडवा, मग वर सरका. मुळापासून खाली ओढला की कंगवा गुंत्याला खाली ढकलून त्याची गाठ घट्ट करतो. कंगवा रुंद दातांचा हवा. बारीक फणी उवांसाठी ठेवा.

आता पाणी. कोमट, मनगटावर घेतलं तर गरम वाटणार नाही इतकंच. बंबाचं कढत पाणी अभ्यंगाला छान वाटतं, पण त्याने टाळू कोरडी पडते. केस पूर्ण भिजायला वेळ द्या. कुरळ्या केसांचा बाहेरचा थर ओला दिसतो आणि आत हात घातला की कोरडं लागतं, तसं राहू देऊ नका.

शाम्पू सरळ डोक्यावर ओतू नका. अर्ध्या मगात पाणी घेऊन त्यात मोठा चमचाभर शाम्पू ढवळा. ते पाणी भांगाभांगातून टाळूवर सोडा. मग बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, टाळू चोळा: कपाळाच्या कडेपासून माथ्यावर, कानामागून मानेच्या खळगीपर्यंत. पूर्ण एक मिनिट मोजा. बहुतेक जणी दहा-पंधरा सेकंदांत उरकतात आणि मग मानेच्या खळगीत कोंडा साठून राहतो. लांबीला चोळायचं नाहीच. वरून ओघळणारा फेस तिला पुरतो. तेल लावलं असेल किंवा चार-पाच दिवसांनी धुवत असाल तर हेच पुन्हा करा. दुसऱ्या वेळी फेस चांगला झाला की टाळू स्वच्छ झाली असं समजा.

सल्फेट (भरपूर फेस आणणारं तीव्र रसायन) नसलेला शाम्पू कुरळ्या आणि सरळ करून घेतलेल्या दोन्ही केसांना मानवतो. पण ज्यांची टाळू फार तेलकट आहे त्यांनी महिन्यातून एक-दोनदा सल्फेटचा साधा शाम्पू वापरायला घाबरू नये.

शिकेकाईवर प्रेम असेल, माझं आहे, तर पूड वापरू नका. ती वेटोळ्यांत अडकते आणि दोन दिवस कॉलरवर पडत राहते. चार-पाच शेंगा आणि मूठभर आवळकाठी रात्री भिजत घाला, सकाळी दहा-पंधरा मिनिटं उकळा, कुस्करा आणि मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळा. त्या पाण्याने हलकं तेल निघतं, चोपडलेलं निघत नाही. रिठा घालायचा तर दोनच, तेही बिया काढून. तो केस फार कोरडे करतो आणि डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो.

मग कंडिशनर. इथे घाई केली तर आधीचं सगळं वाया जातं. केसांतलं पाणी हाताने हलकेच दाबून काढा. सुपारीएवढा कंडिशनर एका भागाला, म्हणजे चार भागांना चार. टाळूपासून चार बोटं सोडून लावा. आता ओंजळभर पाणी घेऊन केस मुठीत दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सुरुवातीला नुसता घसरडेपणा जाणवतो. सात-आठ वेळा दाबल्यावर मुठीतून पचपच आवाज यायला लागतो आणि केसांच्या सुट्या तारा एकत्र येऊन त्यांच्या बटा बनतात. हा आवाज आला की पाणी आणि कंडिशनर केसांत नीट बसले. आवाज येत नसेल तर बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं, कंडिशनर नाही. अशा बटांमधून आधी बोटं फिरवा, मग रुंद कंगवा. तीन मिनिटं थांबा, धुवा, पण शेवटचा किंचित बुळबुळीतपणा राहू द्या.

खरखरीत टर्किश टॉवेलने केस खसखसून पुसू नका. आजोबांचा जुना मऊ पंचा किंवा सुती टी-शर्ट घ्या, केस त्यात झेलून वर दाबा. ओल्या केसाचा आतला बंध सैल असतो, तेव्हाच्या ओढाताणीने तो लांबतो आणि तुटतो. त्याच कारणाने ओल्या केसांचा आंबाडा घालून कामाला लागायची सवयही सोडा.

बटा टिकाव्यात म्हणून मी जवसाचा जेल वापरते, बाजारच्या जेलपेक्षा स्वस्त पडतो. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ठेवा आणि हलवत राहा. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत होतं, चमचा वर उचलला की तार धरते. तेव्हा लगेच उतरवून गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर ते गाळणीतून हलतसुद्धा नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्या. हा जेल निथळत्या केसांवरच लावायचा, केस खालून वर मुठीत दाबत. वाळताना केस पापडासारखे कडक होतात. घाबरू नका. पूर्ण वाळल्यावर तळहाताला तेलाचा एक थेंब लावून केस पुन्हा मुठीत दाबले की कडकपणा मोडतो आणि आतून मऊ बट निघते. वाळेपर्यंत हात लावायचा नाही, हे एकच पथ्य अवघड आहे. ड्रायर वापरलाच तर मंद हवेवर आणि वीतभर लांबून.

मधल्या दिवसांत विंचरायचं नाही. सकाळी पाणी शिंपडून हाताने बटा बसवायच्या. रात्री केस माथ्यावर सैल बांधा आणि उशीला सॅटिनचं अभ्रं घाला. जुन्या रेशमी साडीचा जीर्ण झालेला पदर असेल तर त्याचं अभ्रं शिवून घ्या, माझ्या उशीला आईच्या एका नारळी साडीचं आहे.

आणि एक भीती काढून टाका. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच आहे. कुरळे केस रोज विंचरत नाहीत, म्हणून चार-पाच दिवसांचे गळलेले केस धुताना एकदम हातात येतात. तो गोळा बघून रडणाऱ्या तिघीजणी मला माहीत आहेत.

सरळ करून घेतलेले केस

२०१७ मध्ये धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी मी स्मूदनिंग करून घेतलं. पहिले सहा महिने छान गेले. मग मुळाशी चार बोटं कुरळे केस उगवले आणि मी टच-अपला गेले. पार्लरमधल्या मुलीने घाईत क्रीम नव्या वाढीवर आणि जुन्या सरळ केसांवर, दोन्हींवर पसरलं. मी आरशात बघत होते आणि मला कळलं नाही की हे चुकतंय. तीन आठवड्यांनी कंगव्यात तुकडे यायला लागले, सगळे जवळजवळ एकाच लांबीचे. म्हणून हा भाग मी जास्त कळकळीने लिहिते आहे.

आपल्याकडच्या स्मूदनिंग आणि रिबॉन्डिंगमध्ये बहुतेक वेळा थायोग्लायकोलेट असतं. ते केसातले गंधकाचे बंध तोडतं, मग इस्त्रीने केस सरळ करतात आणि न्यूट्रलायझरने बंध नव्या जागी जोडतात. तोडलेले सगळेच बंध परत जुळत नाहीत. म्हणून एकदा सरळ झालेल्या केसावर पुन्हा क्रीम लावणं म्हणजे अर्ध्या उसवलेल्या शिवणीवर कात्री चालवणं. टच-अप फक्त नव्या वाढीवर. आणि परदेशातून आलेला हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर थायोग्लायकोलेट लावलेल्या केसांवर कधीही लावू देऊ नका, ही दोन रसायनं एकाच केसावर आली की केस तिथेच तुटतो. मेंदी, रंग, आधीचं काहीही केलं असेल तर आधी सांगा आणि मानेजवळच्या एका बटेवर चाचणी करायला लावा. पार्लरवाल्यांना कंटाळा आला तरी.

पहिल्या धुण्यासाठी तुमच्या पार्लरने सांगितलेले दिवस पाळा, साधारण तीन दिवस असतात. तोवर केस बांधू नका, कानामागेही खोचू नका. त्यानंतर मात्र जाहिरातींत सांगतात तसं धुणं लांबवू नका. सरळ केसावरून टाळूचं तेल भराभर खाली उतरतं, म्हणून सरळ करून घेतलेले केस आधीपेक्षा लवकर चिपचिपीत दिसतात. अशा वेळी दर दोन-तीन दिवसांनी सौम्य शाम्पू, प्रत्येक वेळी कंडिशनर, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं हेअर मास्क. धुण्याआधी टोकांना खोबरेल तेल लावायला काहीच हरकत नाही.

वाढ येऊ लागली की एकाच केसावर दोन स्वभाव नांदतात: वर कुरळा, खाली सरळ. जिथे ते भेटतात ती जागा सगळ्यात नाजूक. माझे सगळे तुकडे तिथूनच पडले होते. त्या जागेवर कंगवा ओढू नका, घट्ट पोनीचा रबर तिथे येऊ देऊ नका. पुन्हा कुरळे केस हवे असतील तर धीर लागतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, क्वचित थोडा जास्त वाढतो. म्हणजे दोन वर्षांत वीतभर नवे केस आणि दर दोन-तीन महिन्यांनी खालचे सरळ केस थोडे कापायचे. मला २६ महिने लागले. मधले दिवस मी दोन सैल वेण्या घालून काढले, रात्री ओलसर केसांच्या वेण्या घातल्या की सकाळी सरळ भागालाही लाटा येतात.

‘केराटिन’ नावाच्या ट्रीटमेंटबद्दल स्पष्ट लिहायला हवं. तिचा परिणाम काही महिन्यांत उतरतो, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण त्यातल्या कित्येक द्रावणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवी कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवलं आहे. डोळे चुरचुरले, घसा धरला तर उठून बाहेर या, पैसे भरलेले असले तरी. ‘फॉर्माल्डिहाइड नाही’ असं लिहिलेल्या काही उत्पादनांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली: हे आम्ल असलेल्या क्रीमने तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाली. ते क्रीम उंदरांना लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडातही ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. अमेरिकेत ३३ हजारांहून जास्त स्त्रियांच्या पाहणीत, २०२२ मध्ये, वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी उत्पादनं वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. कारण सिद्ध झालं असं त्यातून म्हणता येत नाही, आणि एकूण धोका लहान आहे. तरी मी माझ्या भाचीला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा करू देणार नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना तर अजिबात नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं

पिवळसर, चिकट पापुद्रे येत असतील तर तो कोंडा आहे, कोरडेपणा नाही. केटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा. महिनाभरात फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. रुपयाएवढा गोल चकचकीत चट्टा, कपाळाच्या कडेचे केस मागे सरकणं, टाळूवर पू किंवा दुखरे फोड, यांत घरगुती उपाय करत बसू नका. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात, ते बहुधा आपोआप थांबतात. तरी एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या.

घरात कुरळ्या केसांची लेक असेल तर

माझी भाची सहा वर्षांची आहे आणि तिचे केस माझ्यापेक्षा दाट वेटोळ्यांचे. डोकं धुवायचं म्हटलं की ती पलंगाखाली जायची, कारण शाळेच्या दोन घट्ट वेण्यांसाठी रोज सकाळी कोरडे केस बारीक फणीने ओढले जायचे. आता आम्ही बुधवारी आणि रविवारी धुतो. तिच्या एवढ्या केसांना चमचाभर शाम्पू पाण्यात मिसळून पुरतो, कंडिशनर मात्र माझ्याइतकाच लागतो. ती पाटावर पाठ करून बसते, डोळ्यांवर रुमाल धरते आणि मी चार भागांतला एकेक भाग बोटांनी सोडवते. एक भाग झाला की ती स्वतः चिमटा काढून पुढच्याला लावते. शाळेसाठी दोन सैल वेण्या केस ओलसर असतानाच घालते, कानाच्या वर ताण येत नाही एवढ्या, आणि त्या पुढच्या धुण्यापर्यंत फक्त एकदा मोडून पुन्हा घालते. गेल्या रविवारी तिने मुठीत बट दाबली आणि मला विचारलं, "आत्या, पचपच झालं ना?"